संगीतकार, श्रोते आणि सामायिक अभिलेखागार : फुगाझी ध्वनिमुद्रण-मालिकेचा विचार

प्रस्तावना :
संगीतकाराचे कार्य म्हणजे त्याच्या प्रकाशित ध्वनिमुद्रिका, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात त्याचे बरेचसे संगीत श्रोत्यांसमोर सादर होते आणि तेथेच विरून जाते. हे संगीत जतन करून श्रोत्यांच्या सहभागाने आंतरजालावर त्याचे अभिलेखागार उभारण्याचे काही प्रयत्न गेल्या पंचवीस वर्षांत झाले आहेत. अमेरिकेतील फुगाझी या रॉक वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रण-मालिका हा त्यांपैकी एक महत्त्वाचा प्रयत्न होय. अशा अभिलेखागारात कलावंताचा अधिकार आणि श्रोत्यांचा वाटा यांचे नाते कसे असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
इयन मकाय, गाय पिचोटो, जो लॅली आणि ब्रेंडन कॅन्टी हे वॉशिंग्टन डी. सी. येथील या वृंदाचे चार सदस्य. १९८७ मध्ये वृंदाचा पहिला कार्यक्रम झाला आणि नोव्हेंबर २००२ मधील लंडनच्या कार्यक्रमांनंतर त्याचे जाहीर सादरीकरण थांबले. या पंधरा वर्षांत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत व इतर अनेक देशांत मिळून १,००० हून अधिक कार्यक्रम झाले. त्यांपैकी ८०० हून अधिक कार्यक्रम वृंदाच्या ध्वनितंत्रज्ञांनी मुद्रित करून ठेवले. आरंभी कॅसेट, पुढे डिजिटल ध्वनिफीत आणि अखेरीस सीडी अशी माध्यमे बदलत गेली. मुद्रणाचा परिपाठ मात्र सुटला नाही.

या मुद्रणांना विशेष महत्त्व येण्याचे एक कारण वृंदाच्या सादरीकरणपद्धतीत आहे. कार्यक्रमात कोणती गीते कोणत्या क्रमाने वाजवावयाची, याची यादी हा वृंद आधी करीत नसे. हा क्रम रंगमंचावरच ठरत असे. त्यामुळे कोणताही एक कार्यक्रम दुसऱ्याची प्रतिकृती नव्हता, आणि त्या क्रमाचा लेखी पुरावाही मागे राहत नव्हता. ध्वनिमुद्रण हेच त्याचे मुख्य साधन ठरले.

अभिलेखागाराचे स्वरूप :
इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या डिस्कॉर्ड या संस्थेमार्फत डिसेंबर २०११ मध्ये ही मालिका संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आली. संपूर्ण संग्रह एकाच वेळी खुला न करता टप्प्याटप्प्याने मुद्रणे जोडण्याचे धोरण होते. प्रत्येक मुद्रणासाठी पाच डॉलर ही सुचविलेली किंमत होती. श्रोत्याला एक डॉलरपासून शंभर डॉलरपर्यंत आपल्या इच्छेनुसार रक्कम देता येई. वृंदाच्या कार्यक्रमांचे प्रवेशशुल्कही पाच डॉलरच्या आसपास ठेवलेले असे. तेच धोरण येथे पुढे चालले.

निवड करून केवळ उत्तम कार्यक्रम देण्याचा मार्ग वृंदाने स्वीकारला नाही. सदोष ध्वनी, वाद्यांतील बिघाड, गीतांमधील संभाषणे आणि प्रेक्षागारात धक्काबुक्की करणाऱ्यांना रंगमंचावरून दिलेली समज हे सर्व मुद्रणांत तसेच राहिले. ध्वनीच्या दर्जाची कल्पना श्रोत्याला आधी देण्यात आली. कलावंताने आपल्या उणिवांसह स्वतःला अभ्यासकाच्या स्वाधीन करणे ही सोपी गोष्ट नव्हे. परंतु अभिलेखागार आणि निवडक संग्रह यांतील भेद नेमका येथेच आहे.

श्रोत्यांचा सहभाग :
ध्वनिफीत कार्यक्रमाचा आवाज जतन करते. सभागृह कसे होते, किती लोक आले होते, बाहेर कोणते भित्तिपत्रक लागले होते, हे ती सांगू शकत नाही. ही माहिती श्रोत्यांपाशी असते. म्हणून या संकेतस्थळावर प्रत्येक कार्यक्रमास स्वतंत्र पान देऊन छायाचित्रे, भित्तिपत्रके व आठवणी पाठविण्याचे आवाहन करण्यात आले. ज्या कार्यक्रमांचे मुद्रण वृंदाकडे नव्हते, त्यांच्यासाठीही पाने ठेवण्यात आली. रिकामी जागा रिकामी म्हणून दाखविली, तरच ती भरून काढणारा पुढे येतो, हे तत्त्व यामागे दिसते.

अधिकाराचा प्रश्न :
सहभागातून उभ्या राहिलेल्या संग्रहावर अखेर अधिकार कोणाचा, हा प्रश्न ग्रेटफुल डेड या दुसऱ्या अमेरिकन वृंदाच्या संदर्भात तीव्रतेने पुढे आला. या वृंदाने श्रोत्यांना कार्यक्रम मुद्रित करण्याची मुभा दिली होती. १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात स्वतंत्र जागाही राखली जाई. श्रोत्यांनी जपलेली ही मुद्रणे पुढे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात जमा झाली. नोव्हेंबर २००५ मध्ये वृंदाच्या वतीने ती उतरवून घेण्याची सोय बंद करण्यात आली. रसिकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. या निर्णयात आपला सहभाग नव्हता, असे वृंदाचे सदस्य फिल लेश यांनीही जाहीर केले. काही दिवसांतच प्रेक्षागारातून केलेली मुद्रणे पुन्हा खुली झाली. ध्वनिमिश्रक यंत्रावरून थेट घेतलेली मुद्रणे मात्र केवळ ऐकण्यापुरती उपलब्ध राहिली.

कायद्याच्या दृष्टीने हक्क वृंदाचा होता. जतनाचे श्रम मात्र श्रोत्यांचे होते. फुगाझीच्या बाबतीत असा संघर्ष उद्भवला नाही, कारण मूळ मुद्रणे वृंदाची, प्रकाशनसंस्था सदस्याच्याच सहभागातील आणि श्रोत्यांकडून अपेक्षित वाटा मुख्यतः माहितीचा होता. काय कोणाचे, हे आरंभीच बरेचसे स्पष्ट होते.

समारोप :
वरील दोन उदाहरणांवरून असे दिसते की, सामायिक अभिलेखागाराचे टिकणे केवळ तंत्रज्ञानावर अवलंबून नसते. मूळ सामग्री कोणाची, तीत भर कोणी घालावी, चुकीची नोंद कोणी दुरुस्त करावी आणि सामग्री मागे घेण्याचा अधिकार कोणास असावा, या चार प्रश्नांची उत्तरे आरंभीच लेखी स्वरूपात ठरविणे आवश्यक असते. महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी आपल्याकडील कार्यक्रमांची मुद्रणे जतन करण्याचे ठरविल्यास त्यांनाही याच प्रश्नांपासून प्रारंभ करावा लागेल. श्रोत्याने दिलेली आठवण आणि कलावंताने दिलेला आवाज या दोहोंचा विश्वास सांभाळला गेला, तरच असा संग्रह पुढील अभ्यासकांपर्यंत पोहोचू शकेल.