दिवस सरता सरेना

डेन्मार्कच्या नकाशावर उत्तरेकडे बोट सरकवत नेलं, की जमीन निमुळती होत होत वाळूच्या एका सुळक्यात संपते. तिथलं शेवटचं गाव स्कागेन. गावापुढे ग्रेनेन नावाचं टोक आहे आणि त्या टोकाशी स्कागेराक आणि कातेगात या दोन समुद्रांच्या लाटा समोरासमोर येऊन एकमेकींवर आदळतात. १८९० साली रेल्वे येईपर्यंत इथे पोचायचं तर किनाऱ्यावरच्या वाळूतून घोडागाडी हाकावी लागे. बंदर झालं ते १९०७ मध्ये; तोवर मच्छीमार आपल्या होड्या ओढत वाळूवर चढवत. वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या वाळूने गावचं जुनं चर्चसुद्धा सोडलं नाही. १७९५ मध्ये लोकांनी ते कायमचं बंद केलं. आज त्याचा फक्त पांढरा मनोरा वाळूच्या टेकाडांतून डोकं वर काढून उभा आहे.

अशा आडगावी १८७० नंतर चित्रकारांची ये-जा सुरू झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दर उन्हाळ्यात इथे त्यांचं बिऱ्हाडच पडू लागलं. डेन्मार्कचे मिखाएल आंकर, व्हिगो योहान्सन आणि पेडर सेव्हरिन क्रॉयर, नॉर्वेचा ख्रिस्तियान क्रोग, स्वीडनचा ऑस्कर ब्योर्क. शिवाय कवी आणि चित्रकार होल्गर द्राखमन. पॅरिसमध्ये स्टुडिओ सोडून उघड्यावर चित्र काढण्याची हवा होतीच, आणि नळीत भरलेले तयार तैलरंग मिळू लागल्यामुळे रंगांचा संसार पाठीवर टाकून कुठेही जाणं सोपं झालं होतं. त्यांना इथे हवं ते सगळं मिळालं. वादळाशी झुंजणारे मच्छीमार होते. जेवणाखाणाची आणि गप्पांची सोय असलेली ब्रोन्दुम कुटुंबाची खाणावळवजा सराई होती. आणि उजेड होता.

या उजेडाबद्दल बरंच भाबडं बोललं जातं, म्हणून जरा हिशेब मांडायला हवा. स्कागेन उत्तर ध्रुववृत्ताच्या बरंच खाली, पावणेअठ्ठावन्न अंश अक्षांशावर आहे. तिथे मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही. २१ जूनच्या सुमारास तो १८ तासांहून थोडा अधिक वेळ क्षितिजाच्या वर असतो, आणि मग रीतसर मावळतो. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. मुंबईत जूनमध्ये सूर्य बुडाला, की तो जवळजवळ सरळ खाली जातो आणि पंचवीसेक मिनिटांत घरोघरी दिवे लावायची वेळ होते. स्कागेनला सूर्याची वाट इतकी तिरकी असते, की तेवढाच अंधार पडायला सव्वा तास लागतो. त्याच्या पुढेही काळोख असा होतच नाही, कारण ऐन मध्यरात्रीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली नऊ अंशांपर्यंतही उतरत नाही. उत्तरेकडचं आकाश रात्रभर उजळ राहतं आणि त्या उजेडातच पहाट होते.

म्हणजे उत्तरेचा उन्हाळा चित्रकाराला जास्तीची दुपार देत नाही. तो देतो लांबलचक संध्याकाळ.

ही संध्याकाळ निळी असते, आणि या निळाईचं कारणही निराळं आहे. भर दिवसाचं आकाश निळं दिसतं ते हवेच्या रेणूंनी प्रकाश विखुरल्यामुळे. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर मात्र त्याचे किरण वातावरणातून फार लांबचा, आडवा प्रवास करत येतात. त्या वाटेवर वरच्या थरातला ओझोन वायू त्यांतला नारिंगी आणि पिवळा भाग शोषून घेतो आणि डोक्यावर गडद, खोल निळा रंग उरतो. भौतिकशास्त्रज्ञांनी याचा नीट हिशेब लावला तो विसाव्या शतकाच्या मध्याला. चित्रकारांनी तो रंग त्याआधी साठ-सत्तर वर्षं कॅनव्हासवर आणला होता. स्कागेनला तर खाली फिकट वाळू आणि तिन्ही बाजूंना पाणी, त्यामुळे वरची निळाई खालूनही उसळून येते. आडवं यायला उंच झाडं किंवा डोंगर नाहीत.

या निळ्या वेळेचा सगळ्यात प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे क्रॉयर. जन्म १८५१ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचा, वाढला कोपनहेगनमध्ये, पॅरिसला लेओं बोना याच्या हाताखाली शिकला. हाइनरिख हिर्शस्प्रुंग या तंबाखूच्या कारखानदाराने त्याला पैशांची ददात पडू दिली नाही. १८८२ मध्ये तो पहिल्यांदा स्कागेनला आला तेव्हा नाव कमावलेला माणूस होता. पुढच्याच वर्षी त्याने उत्तर किनाऱ्यावर जाळं ओढणारे मच्छीमार रंगवले, कललेल्या उन्हात, लांब सावल्यांसकट. पण हळूहळू त्याच्या चित्रांतून काम करणारी माणसं कमी झाली. त्यांच्या जागी पांढऱ्या पोशाखातल्या, कुठेही जायची घाई नसलेल्या बायका आल्या. सूर्यही मावळला.

१८९३ चं ‘स्कागेनच्या दक्षिण किनाऱ्यावरची उन्हाळी संध्याकाळ’ हे चित्र आज डेन्मार्कमध्ये पोस्टरांपासून बिस्किटांच्या डब्यांपर्यंत सगळीकडे भेटतं. दोन बायका आपल्याकडे पाठ करून किनाऱ्याने चालल्या आहेत. समुद्र, आकाश आणि वाळू एकाच निळ्या-जांभळ्या रंगात विरघळली आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, चित्रकार मागून चालता चालता थबकला असेल आणि त्याने भराभर हात चालवला असेल.

तसं ते होत नसे, आणि होऊही शकत नाही. संधिप्रकाशात चित्र काढणं हा डोळ्यांचा घात करून घेण्याचा प्रकार आहे. उजेड उतरला, की आपले डोळे लाल रंगाला मंदावतात आणि निळ्या-हिरव्याला जास्त दाद देतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८१९ च्या सुमाराला हे नोंदवलं होतं. पॅलेटवर कालवलेला लाल काळपट दिसतो, निळा उगाच चमकतो. रात्री अगदी नेमका वाटलेला रंग सकाळी पाहावा तर भलताच निघतो. त्यात निळ्या वेळेचा उजेड सव्वा तास टिकला तरी तो क्षणोक्षणी बदलत असतो. म्हणून किनाऱ्यावर करायची ती छोटी तैलरेखाटनं. आकाशाचा रंग अमुक, वाळूचा तमुक, एवढंच टिपून आणायचं आणि मोठा कॅनव्हास दिवसाच्या उजेडात पुरा करायचा. क्रॉयरने १८८५ मध्ये कॅमेराही घेतला होता. किनाऱ्यावर फिरणाऱ्या बायकांचे त्याने काढलेले फोटो आहेत आणि त्या फोटोंतून चित्रांकडे जाणारा रस्ता स्पष्ट दिसतो.

त्याच्या ‘हिप हिप हुर्रे’ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. आंकर दांपत्याच्या बागेत भर उन्हात मंडळी टेबलाभोवती उभी आहेत, ग्लास उंचावले आहेत, पानांतून ऊन गळतंय. १८८४ मधल्या एका खऱ्या मेजवानीवरून हे चित्र सुचलं. क्रॉयर रोज बागेत ठाण मांडू लागला तेव्हा मिखाएल आंकर वैतागला. मग एका जर्मन चित्रकाराने काढलेला फोटो आणि वेगवेगळ्या वेळी बसवलेली माणसं यांच्या आधाराने काम चाललं आणि १८८८ मध्ये संपलं. मेजवानीच्या वेळी जेमतेम वर्षाची असलेली आंकरांची मुलगी हेल्गा चित्रात चांगली उभी राहण्याएवढी मोठी झाली आहे. क्षणभराचा जल्लोष रंगवायला चार वर्षं लागली! यात फसवाफसवी काही नाही. उत्तरेचा उन्हाळा लांब दिवसांचा असला तरी मोजक्याच आठवड्यांचा असतो. एका उन्हाळ्यात हातून निसटलेलं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत परत मिळत नाही.

किनाऱ्यावरच्या त्या दोन पाठमोऱ्या बायका कोण होत्या, हे नीट सांगायला हवं, कारण दोघीही चित्रकार होत्या. एक मारी, क्रॉयरची बायको. १८८९ मध्ये लग्न झालं तेव्हा ती पॅरिसमध्ये शिकून आलेली, चांगला हात असलेली मुलगी होती. लग्नानंतर तिची स्वतःची चित्रं कमी कमी होत गेली आणि नवऱ्याच्या चित्रांतली तिची हजेरी वाढत गेली. बागेतल्या आरामखुर्चीवर, गुलाबांच्या ताटव्याआड, किनाऱ्यावर कुत्र्याबरोबर, सगळीकडे मारी. दुसरी आना आंकर. तिची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या मंडळींत खोल पाणी तिचंच.

आना ही ब्रोन्दुमांची मुलगी. चित्रकार जिथे उतरत त्या सराईतच ती १८ ऑगस्ट १८५९ रोजी जन्मली. परीकथाकार हान्स ख्रिस्तियान आंदरसन त्याच दिवसांत स्कागेनला आला होता. स्कागेनच्या चित्रकारांत गावातच जन्मलेली ती एकटी. कोपनहेगनची कला अकादमी तेव्हा बायकांना दारात उभं करत नव्हती, ती दारं उघडली १८८८ मध्ये. त्यामुळे आना व्हिल्हेल्म क्यून याच्या खासगी शाळेत शिकली. १८८० मध्ये तिने मिखाएलशी लग्न केलं तेव्हा या गुरुजींनी ‘आता रंगपेटी समुद्रात बुडव’ अशा अर्थाचा सल्ला दिल्याचं सांगतात. तिने तो ऐकला नाही. मुलगी झाल्यावरही ऐकला नाही.

पाहुणे चित्रकार उजेड शोधायला समुद्रावर जात. आना बहुतेक वेळा घरात थांबे. १८९१ च्या ‘निळ्या खोलीतलं ऊन’ या चित्रात आठ वर्षांची हेल्गा आजीच्या खोलीत पाठमोरी बसून विणकाम करते आहे. बाकी खोलीत काहीही घडत नाही. खिडकीतून आलेलं ऊन निळ्या भिंतीवर पडलंय, तावदानांचे आकार आणि रोपट्यांच्या सावल्या घेऊन. आणि तोच पिवळेपणा मुलीच्या केसांत उतरला आहे. निळ्यावर पिवळा ठेवला की निळा कसा बदलतो, सावलीतला निळा आणि उन्हातला निळा यांत नेमका काय फरक, हा या चित्राचा खरा विषय. समुद्र नाही, मच्छीमार नाहीत, पांढरे झगे नाहीत. क्रॉयरची संध्याकाळ थोडी सजवलेली असते, नाटकाच्या पडद्यासारखी. आनाच्या भिंतीवर ऊन आपण होऊन येतं आणि ती फक्त त्याची वेळ गाठते. वर्षभर तिथेच राहणारीलाच हे साधणार. कुठल्या खोलीत कुठल्या महिन्यात किती वाजता ऊन येतं, हे उन्हाळी पाहुण्याला कसं कळावं?

लांब संध्याकाळी स्कागेनच्या बाहेरही चित्रकारांना जागं ठेवत होत्या. नॉर्वेच्या ऑस्गोरस्ट्रांद गावी १८८९ मध्ये एद्वार्द मुंकने आपल्या बहिणीला, इंगेरला, किनाऱ्यावरच्या धोंड्यांवर बसवून उन्हाळी रात्र रंगवली. समीक्षकांनी चित्राची खिल्ली उडवली. ते विकत घेतलं एरिक व्हेरेनस्कियोल्द या दुसऱ्या चित्रकारानेच. स्वीडनमध्ये आंदेर्स झोर्नने १८९७ मध्ये मूरा भागातला मध्यग्रीष्माचा नाच काढला. त्यात रात्र आहे, पण बायकांच्या झग्यांच्या चुण्या मोजता येतील इतकी उजळ. पश्चिम नॉर्वेच्या योल्स्टर भागातला निकोलाई आस्ट्रुप पाद्र्याचा मुलगा. मध्यग्रीष्माच्या होळ्या म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातलं थोतांड, असं वडिलांचं मत, म्हणून मुलांना तिकडे फिरकायची बंदी. मोठेपणी आस्ट्रुपने त्याच होळ्या पुन्हा पुन्हा रंगवल्या आणि त्यांतली एखादी आकृती बरेचदा बाजूला उभी राहून नुसती बघत असते. दम्याने बेजार माणूस, पण ओल्या रात्रींत बाहेर पडणं त्याने थांबवलं नाही.

क्रॉयरचा शेवटचा मोठा कॅनव्हासही होळीचाच आहे. डेन्मार्कमध्ये २३ जूनच्या रात्री, संत योहानाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, किनाऱ्याकिनाऱ्यावर जाळ पेटतात. १९०६ मध्ये पुऱ्या झालेल्या या अडीच मीटर रुंद चित्रात त्याने सारं स्कागेन आगीभोवती गोळा केलं आहे. तोवर त्याच्या आयुष्याची वाताहत झाली होती. १९०० पासून मनोविकाराचे झटके येत होते, नजर अधू होत चालली होती. मारीने स्वीडिश संगीतकार ह्यूगो आल्फवेनसाठी त्याला सोडलं आणि १९०५ मध्ये घटस्फोट झाला. तरी होळीच्या चित्रात मारी आहे आणि आल्फवेनही आहे! याला उदारपणा म्हणावं की सूड, यावर अजून एकमत नाही. क्रॉयर १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये स्कागेनलाच वारला.

त्याच्या वर्षभर आधी, १९०८ मध्ये, ब्रोन्दुमांच्या जेवणघरात बसून या मंडळींनी स्कागेनच्या संग्रहालयाची स्थापना केली होती. चित्रकारांनी भेट दिलेली चित्रं त्या जेवणघराच्या लाकडी भिंतींत बसवलेली होती. १९४६ मध्ये ती खोलीच जशीच्या तशी उचलून संग्रहालयात आणली गेली.

आना १९३५ पर्यंत जगली आणि उत्तरोत्तर तिच्या चित्रांतून माणसंही निघून गेली. १९१२ नंतरच्या एका चित्रात तिच्या स्टुडिओची नुसती भिंत आहे आणि तिच्यावर मावळतीच्या उन्हाचे तुकडे, बाकी काही नाही. हेल्गाने मार्कव्हाय रस्त्यावरचं आईबापांचं घर सामानासकट एका न्यासाच्या स्वाधीन करायची तजवीज केली होती. ती १९६४ मध्ये गेली आणि १९६७ मध्ये ते घर लोकांसाठी उघडलं. त्यात आनाची छोटी तैलरेखाटनंही निघाली, प्रदर्शनासाठी कधी न काढलेली. रिकामी दारं, भिंतीचे कोपरे, जमिनीवरचं ऊन. २०२० च्या अखेरीस कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा अशी रेखाटनं तिच्या नावाजलेल्या चित्रांच्या शेजारी मांडली गेली.