बघ्यांचे शिक्षण

मुले, मोबाइल आणि आपण : लेखांक ६

खोट्या नावाची खाती, छेडछाड केलेले फोटो, ग्रुपमधून मुद्दाम काढून टाकणे हे ऑनलाइन छळाचे प्रकार आपण गेल्या आठवड्यात पाहिले. आजचा प्रश्न शाळेचा आहे. हा छळ थांबावा म्हणून वर्गात काय शिकवायचे?

अनेक शाळांत वर्षातून एकदा व्याख्यान होते. मुलांना कायदा कळतो, पासवर्ड जपायचा हेही कळते. पण आठवीच्या वर्गाचा एखादा ग्रुप डोळ्यांसमोर आणा. कुणी एका मुलीच्या फोटोवर अचकटविचकट मजकूर लिहून टाकतो. दोघे-तिघे हसणारे इमोजी देतात, एक जण तो फोटो दुसऱ्या तुकडीत पाठवतो, बाकीचे सगळे बघून गप्प राहतात. त्या मुलीला वाटते, अख्खा वर्गच माझ्याविरुद्ध आहे.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये नेमके याच बघ्यांकडे लक्ष वेधले. छळणारा आणि सोसणारा यांच्याखेरीज साथ देणारे, हसून चेव आणणारे, अलिप्त राहणारे आणि पाठीशी उभे राहणारे विद्यार्थीही वर्गात असतात, असे त्यांनी दाखवले. याच विचारातून ‘किवा’ हा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो फिनलंडभरच्या शाळांत पोहोचला.

त्यात प्राथमिक वर्गांना वर्षभर नियमित तासिका असतात. मुले चर्चा करतात, प्रसंग वठवून पाहतात, संगणकावरील खेळातून सराव करतात. शाळेत शिक्षकांचा एक छोटा गट नेमलेला असतो. तक्रार आली की तो संबंधित मुलांशी बोलतो आणि काही दिवसांनी पुन्हा चौकशी करतो. ज्याला त्रास झाला, त्याला आधार देण्याची विनंती वर्गातल्याच दोन-चार मुलांना केली जाते. या कार्यक्रमाच्या चाचणीत छळ कमी झाला, इंटरनेटवरून होणारा त्रासही घटला.

आपल्याकडे यातले बरेच काही मूल्यशिक्षणाच्या तासाला करता येईल. ‘हे पुढे पाठवू नकोस’ हे वाक्य मुलांना मोठ्याने म्हणू द्या. ग्रुपवर बोलायचे धाडस होत नसेल, तर त्या मुलीला ‘मी तुझ्या बाजूने आहे’ एवढा खासगी निरोप पाठवायला सांगा. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट ठेवावा, पण तो इतर मुलांत फिरवू नये, शिक्षकांना किंवा पालकांना दाखवावा. फोटो नग्न वा अश्लील असेल, तर मात्र त्याची प्रत काढू नये, थेट मोठ्यांना सांगावे. १०९८ ही बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन वर्गाच्या भिंतीवर लिहिलेली असावी.

शिक्षकांनीही एक पथ्य पाळावे. तक्रार घेऊन आलेल्या मुलाचाच मोबाइल काढून घेऊ नये. तसे झाले, तर पुढच्या वेळी ते मूल सांगायला येणार नाही.

शिक्षकहो, या महिन्यातला एक तास या बघ्यांसाठी राखून ठेवा. पालकहो, तुमच्या शाळेत तक्रार कोणाकडे करायची, हे पुढच्या पालकसभेत जरूर विचारा.