घरी बांधलेली माशी आणि हिमालयातला ट्राउट

१ नोव्हेंबर उजाडला की हिमाचल प्रदेशातील ट्राउट माशांच्या नद्या गरी टाकणाऱ्यांसाठी बंद होतात, आणि फेब्रुवारी सरेपर्यंत त्या तशाच बंद राहतात. हे चार महिने त्या माशांच्या वंशवृद्धीचे असतात. दिल्लीच्या करोल बागेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या नद्या काही फार दूर नाहीत. सुमारे ५०० किलोमीटरचा रस्ता. रात्री निघालेली बस दुसऱ्या दिवशी कुलूच्या खोऱ्यात पोचते. परंतु मार्च महिन्यात तेथे जाऊन ज्यांना खरा आनंद मिळवावयाचा असेल, त्यांनी तयारी आताच, थंडीच्या दिवसांत आणि आपल्या घरीच केली पाहिजे. कारण कृत्रिम माशीने ट्राउट धरण्याची विद्या ही नदीकाठी जितकी शिकावी लागते, तितकीच ती घरच्या टेबलावर आणि जवळच्या मैदानावर शिकावी लागते.

आपल्या कोकणात गरवणे कोणाला ठाऊक नाही? गरीला कोळंबीचा तुकडा लावावयाचा, दोरीला शिशाचे वजन बांधावयाचे आणि ती पाण्यात भिरकवावयाची. तेथे वजन पुढे जाते व दोरी त्याच्यामागून ओढली जाते. माशीच्या गळाचे गणित याच्या अगदी उलट आहे. दोरा आणि पिसे यांची बनवलेली ती माशी इतकी हलकी असते की तिला फेकणेच शक्य नाही. म्हणून येथे वजन दोरीलाच दिलेले असते. काठी वाकते, सरळ होते, जाड दोरीला हवेतून पुढे ढकलते आणि त्या दोरीच्या टोकाशी असलेली माशी खरा कीटक उतरावा तशी पाण्यावर अलगद टेकते. एवढा एक भेद ध्यानात आला की पुढील सर्व गोष्टी आपोआप उलगडतात.

ज्याच्यासाठी हा खटाटोप करावयाचा तो तपकिरी ट्राउट मूळचा आपल्याकडचा नव्हे. १८९९ साली त्याची अंडी इंग्लंडहून काश्मीरकडे पाठविण्यात आली, पण ती वाटेतच नासली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप मात्र तगली, आणि फ्रँक मिचेल यांच्या देखरेखीखाली काश्मीरमध्ये ट्राउट रुजला. तेथून १९०९ साली तो कुलूच्या खोऱ्यात आणला गेला. आज व्यास नदी, तिला मिळणारी तीर्थन, बरोटची ऊहल अशा थंड प्रवाहांत त्याचा वंश आपोआप वाढतो. शेततळ्यांत पोसून बाजारात येतो तो बहुधा इंद्रधनुषी ट्राउट. नदीतल्या खड्यांत जन्मलेला, पुरातून वाचलेला, स्वतःचे अन्न स्वतः शोधणारा तपकिरी ट्राउट हाच खरा रानटी मासा. तो सावध असतो आणि त्यामुळेच त्याला फसविण्यात कौशल्य लागते. महाराष्ट्रातील नद्या त्याला मानवत नाहीत, कारण त्याला १० ते १६ अंश सेल्सिअसचे, प्राणवायूने भरलेले वाहते पाणी लागते. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याचा जीव घाबरा होऊ लागतो.

साहित्य कोणते घ्यावे

नवशिक्याने आठ ते नऊ फुटांची, कार्बनच्या तंतूंची काठी घ्यावी. पूर्वी या काठ्या बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून करीत. त्या आजही आवडीने वापरणारे आहेत, पण त्या महाग आणि नाजूक असतात. काठी आणि दोरी यांना क्रमांक असतात आणि ते जुळले पाहिजेत. हिमाचलच्या मध्यम नद्यांना चार किंवा पाच क्रमांक पुरेसा होतो. तरंगणारी दोरी सुमारे २७ मीटर लांब असते. तिच्या पुढे नऊ फुटांचा, टोकाकडे निमुळता होत जाणारा पारदर्शक नायलॉनचा धागा बांधतात, म्हणजे माशाला दोरी न दिसता केवळ माशी दिसते. रीळावर फार खर्च करू नये. लहान नदीत ते मुख्यतः दोरी गुंडाळून ठेवण्याच्याच कामाचे असते.

मैदानावरचा सराव

सकाळी अजमल खान पार्कमध्ये गर्दी नसेल अशी वेळ साधून सराव करता येईल. गरी मुळीच लावू नये. तिच्या जागी लाल लोकरीचा इवलासा तुकडा बांधावा. काठी समोरून उचलून मागे न्यावी, पण खांद्याच्या फार मागे जाऊ देऊ नये. मग थांबावे. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंतचा तो क्षण हाच या कलेचा प्राण आहे. घाई केली तर दोरीचा चाबकासारखा फटकारा उडतो. उशीर केला तर ती गवतावर पडते. आरंभी मान वळवून मागे पाहावे. दोरी सरळ झाली की काठी पुढे आणावी आणि समोर पुन्हा थांबवावी. बळाचे येथे काम नाही. घरातील मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, कारण ती जोर लावीत नाहीत.

माशी बांधणे

पाण्यातील मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय हे कीटक आयुष्याचा बहुतेक काळ दगडांखाली अळीच्या किंवा पिलाच्या रूपात काढतात. पंख फुटून वर आल्यावर मेफ्लाय तर एक-दोन दिवसच जगते. म्हणून ट्राउटचे बरेचसे अन्न पाण्याखालीच असते. यावरून माश्यांचे दोन मुख्य प्रकार होतात: पृष्ठभागावर तरंगणारी कोरडी माशी आणि पाण्याखाली वाहत जाणारी बुडती माशी किंवा 'निम्फ'. कीटक वर उडताना दिसत असतील आणि मासे पाण्यावर वर्तुळे उठवीत असतील तर पहिली, एरवी दुसरी.

बांधण्यासाठी गरी धरून ठेवणारा छोटा व्हाइस, बारीक कात्री, चिमटा व रेशमी धागा एवढेच लागते. कोंबड्याच्या मानेची पिसे, सशाची लव, गळून पडलेल्या मोरपिसाचा तंतू ही सामग्री पुरते. गरीचा क्रमांक वाढला की आकार लहान होतो. १२ ते १६ क्रमांक आरंभाला योग्य. खानापूर-विटा परिसरातून सोन्याच्या गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडलेली कुटुंबे देशभर, करोल बागेतही, स्थिरावली आहेत. बारीक कामाला चिमटा कसा धरावा आणि हात कसा स्थिर ठेवावा, हे सराफी कारागिराच्या मुलांना निराळे शिकवावे लागणार नाही. प्रत्येक वेढा घट्ट, प्रत्येक पीस मोजके हाच नियम. माशी सुंदर दिसण्यापेक्षा कीटकासारखी दिसावी, याकडे लक्ष द्यावे.

नदीवर

मार्चमध्ये पाणी निवळ असते. जून सरता सरता बर्फाचे आणि पुढे पावसाचे गढूळ पाणी येते, आणि सप्टेंबरअखेर ते पुन्हा निवळते. मत्स्य विभागाचा परवाना घेतल्यावाचून गरी टाकू नये. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून वर चढावे. पाण्याबाहेरचे जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. खाली वाकून, मळकट रंगाच्या कपड्यांत गेल्यास आपण त्या खिडकीच्या कडेला अस्पष्ट राहतो. मोठ्या दगडामागचे शांत पाणी, वेगवान व मंद प्रवाहांची सीमा, डोहाचे तोंड ही त्याची घरे. माशी प्रवाहाच्या वरच्या बाजूस टाकावी व ती पाण्याबरोबर मोकळी वाहू द्यावी. दोरीने तिला ओढ लागली की ती तिरकी सरकते आणि जाणता मासा लगेच ओळखतो; म्हणून दोरी हलकेच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूस ढिली टाकावी.

मासा लागल्यानंतर काय करावयाचे, हाच खरा प्रश्न आहे. गरीचा काटा आधीच पक्कडीने दाबून बोथट करावा. हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो. त्याला पाण्याबाहेर फार काळ ठेवू नये. प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निसटेपर्यंत धरावे. नियमाने नेता येतो तेवढा एखादा मासा घरी नेण्यात गैर नाही, पण अंड्यांनी भरलेली मादी सोडून देण्यात शहाणपण आहे. जुलै २०२३ मध्ये व्यासेला आला तसा पूर नदीचा तळच उलथून टाकतो; अशा पुरानंतर वाचलेले थोडे मासेच पुढची पिढी घडवितात. दुसरीही एक जबाबदारी आहे. पाहुणा असलेला ट्राउट स्थानिक स्नो ट्राउटच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी होतो, म्हणून जेथे तो नाही अशा ओढ्यात त्याला हौसेने सोडू नये.

नदी राखली तरच मासा राहतो, ही गोष्ट तीर्थनकाठच्या लोकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ओळखली. तेथे प्रस्तावित लहान जलविद्युत प्रकल्पांना त्यांनी विरोध केला आणि नदी मोकळी राहिली. आपल्या महाड तालुक्यातील वाळणकोंडीच्या डोहातले मासे देवाचे मानून पिढ्यानपिढ्या राखले गेले आहेत; तेथे श्रद्धेने जे साधले, ते येथे जागरूकतेने साधले. दोहोंचे मूळ एकच: जे आपल्याला घेता येते, ते सगळे घ्यावयाचे नसते.

तेव्हा वाचकहो, नदी बंद असलेले हे चार महिने वाया गेले असे मानू नका. संध्याकाळी टेबलाभोवती मुलांना बसवून आठवड्याला दोन माश्या बांधा, रविवारी मैदानावर दोरी टाकून पाहा. १ मार्चला नदी उघडेल तेव्हा आपल्या पेटीत तीस-चाळीस माश्या असतील, आणि त्यांतील प्रत्येक कोणत्या कीटकाची नक्कल आहे हे घरातील सर्वांत लहान मूलही सांगू शकेल.