व्हिडिओ गेमचें गुणदान

परीक्षेंत गुण मिळविण्याचा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्यास असतो. गुण देण्याचा अनुभव मात्र क्वचितच कोणास येतो. म्हणून व्हिडिओ गेम खेळून त्यांस गुण देणारे हौशी परीक्षक हें काम कोणत्या रीतीनें करतात, तें समजून घेणें आमच्या वाचकांस उपयोगाचें होईल. पालकांसहि हा विषय परका नाहीं. कारण गेमसाठीं पैसा त्यांचा खर्च होतो आणि वेळ त्यांच्या मुलांचा.

हौशी परीक्षक म्हणजे पगार न घेतां केवळ आवडीनें परीक्षण लिहिणारा मनुष्य. त्याचा पहिला नियम असा कीं, गेम शेवटपर्यंत, निदान पुष्कळ तास, खेळल्यावांचून मत देऊं नये. नव्याची नवलाई थोडा वेळ टिकते; ती ओसरल्यावर जें उरतें तेंच तोलावयाचें असतें. दुसरा नियम, गेमचीं अंगें निरनिराळीं तपासावीं. बटण दाबतांच पात्र हालतें काय? अडचणी क्रमाक्रमानें वाढतात काय? हरल्यावर आपली चूक उमगते, कीं गेमनेंच अन्याय केला असें वाटतें? चित्रें, संगीत व कथा यांचा मेळ बसतो काय? आणि किंमतीच्या मानानें आनंद मिळाला काय?

तिसरा नियम, तुलना सजातीयांशींच करावी. आमच्या दिंडोरी तालुक्यांतील बागाईतदार खाण्याच्या द्राक्षांस व बेदाण्याच्या द्राक्षांस एकच कसोटी लावीत नाहीं. त्याचप्रमाणें १९८४ सालीं अलेक्सी पाजित्नोव्ह यांनीं मॉस्को येथें रचलेल्या ‘टेट्रिस’मध्यें कथा नाहीं म्हणून कोणी त्याचे गुण कापीत नाहीं. पडणारे ठोकळे नीट बसविणें एवढेंच तेथें काम आहे, आणि तेवढ्यांतच त्याची गोडी आहे.

चौथा नियम, अंगांच्या गुणांची आंधळी बेरीज करूं नये. ज्या बैलगाडीचें चाक निखळलें आहे, तिच्या रंगास दहांपैकीं दहा गुण देऊन प्रवास घडत नाहीं.

गुण देण्याच्या पद्धतीहि अनेक आहेत. जपानांतील ‘फामित्सु’ हें नियतकालिक १९८६ सालीं निघालें. त्यांत चार परीक्षक प्रत्येकीं दहांपैकीं गुण देत आणि ४० पैकीं बेरीज छापली जाई. पूर्ण ४० गुण प्रथम १९९८ सालीं ‘झेल्डा’ मालिकेंतील ‘ऑकरिना ऑफ टाइम’ या गेमला मिळाले. ‘स्टीम’ या दुकानांत मात्र खेळणारा फक्त ‘शिफारस आहे’ किंवा ‘शिफारस नाहीं’ इतकेंच सांगतो, आणि तो किती तास खेळला हें शेजारीं दिसतें. समजा, दहा जणांनीं एक गेम खेळला आणि प्रत्येकास तो दहांपैकीं सहा गुणांचा वाटला. सरासरी येईल ६० टक्के. परंतु दहाहि जणांनीं ‘शिफारस आहे’ म्हटलें तर स्टीमवर दिसेल १०० टक्के! सारांश, आंकडा वाचण्यापूर्वीं तो कोणत्या मापानें काढला हें विचारावें.

या आंकड्यांवर लोकांची मिळकतहि अवलंबून असते. ‘मेटाक्रिटिक’ हें स्थळ २००१ सालापासून अनेक परीक्षकांचे गुण शंभरांच्या मापावर आणून त्यांची सरासरी काढतें. २०१० सालचा ‘फॉलआउट: न्यू वेगास’ हा गेम तेथें ८४ वर थांबला. ८५ गुण मिळाल्यासच निर्मात्यांस बक्षिसी मिळावयाची असा करार होता, असें त्यांच्यापैकीं एकानें २०१२ सालीं उघड सांगितलें. एका गुणानें ती हुकली. तेव्हां गुण देणाऱ्यानें हात सैल सोडणें जसें अयोग्य, तसेंच बेफिकिरीनें गुण कापणेंहि अयोग्य होय.

आतां घरचें उदाहरण घेऊं. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीनें २०२० सालीं ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम प्रसिद्ध केला. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली राजी ही त्याची नायिका. देवी दुर्गा तिची पाठराखीण. त्या वर्षाच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्यें पदार्पणाच्या पारितोषिकासाठीं त्याचें नामांकन झालें. वणीच्या मुलास सप्तशृंगगड नित्य दिसतो, महिषासुरमर्दिनीची कथा त्यानें आजीकडून ऐकलेली असते. त्याला हा गेम आपला वाटणें स्वाभाविक आहे. मग आपला म्हणून त्यास दोन गुण अधिक द्यावे काय?

आमचें उत्तर स्पष्ट आहे: देऊं नयेत. अनेक परीक्षकांनीं त्याची चित्रकला, वास्तुशोभा व संगीत यांची मनापासून वाखाणणी केली, आणि लढाईंतील सैलपणा, लहान विस्तार व अकस्मात् येणारा शेवट हे दोषहि नोंदविले. खरी आपुलकी तीच. शिक्षकानें स्वतःच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेंत फुकट गुण घातले, तर त्या मुलास आपलें उणें कधींच कळणार नाहीं. आपुलकी जरूर सांगावी, पण ती शब्दांत सांगावी. गुणांत मिसळूं नये. म्हणजे वाचकास दोन्ही गोष्टी निवडून घेतां येतात.

विद्यार्थ्यांनीं पुढील गेम संपल्यावर वहींत एक पान लिहून पाहावें: किती तास खेळलों, काय आवडलें, काय खटकलें, कोणास हा गेम आवडणार नाहीं, आणि सर्वांत शेवटीं गुण. पालकांनीं तें पान वाचावें. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन गेमांस २०२५ सालच्या कायद्यानें बंदी घातली आहे, त्यांचा येथें विचारच नको. इतर गेमांविषयीं मात्र ‘बंद कर’ म्हणण्यापूर्वीं ‘किती गुण दिलेस, आणि कां?’ असें एकदां विचारून पाहावें. ज्या मुलास ‘कां’चें उत्तर देतां येतें, तो पुढें पुस्तक, भाषण किंवा स्वतःचें कामहि त्याच तराजूनें तोलूं लागेल.