रोजचं विज्ञान : कीर्तनात वेळ जातो कुठे?
भगवानगडाचा नारळी सप्ताह असो की बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरचा, दोन तासांचं कीर्तन संपतं आणि वाटतं, आत्ताच तर उभं राहिलं होतं! डोळ्या-कानांसारखं वेळेचं वेगळं इंद्रिय आपल्याला नाही. मेंदू वेळेचा अंदाज बांधतो तो बराचसा लक्षाच्या जोरावर. एसटीची वाट पाहताना सगळं लक्ष घड्याळाकडे, म्हणून दहा मिनिटं सरता सरत नाहीत. भजनात तेच लक्ष पखवाजाच्या पुढच्या थापेकडे लागतं. ती कधी पडणार हे मेंदू आधीच ताडतो, टाळ नेमका त्याच क्षणी वाजतो. वेळ मोजायला लक्ष उरतच नाही. (बुवाच रटाळ असतील, तर पखवाजाचाही इलाज नाही.)

कुणी म्हणेल, लय चढली म्हणून वेळ पळाला. पण प्रयोगांत बहुधा उलटंच दिसतं: तेवढ्याच लांबीचं द्रुत संगीत ऐकणाऱ्याला जास्त लांब वाटतं. तेव्हा श्रेय वेगाला नाही, गुंतण्याला. संथ शास्त्रीय गायनातही हेच दिसतं: अतिविलंबित एकतालात एकेक मात्रा चार-चार सेकंदांची असते. एवढं अंतर नुसत्या अंदाजाने पेलत नाही, म्हणून तबलजी मधली जागा भरतो. जाणकार समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, डोळे लावून रमतो, नवखा जांभया देतो. गंमत म्हणजे, पटकन सरलेलं तेच कीर्तन दुसऱ्या दिवशी आठवताना भरगच्च, लांब वाटतं. कारण आठवणीतली वेळ मेंदू साठलेल्या प्रसंगांवरून ठरवतो.