आधी नमुना, मग माल

मुलांनो, उल्हासनगरच्या कॅम्प क्रमांक ५ मध्ये तुम्ही कधी गेला आहात का? तेथील गल्ल्यांत जीन्स शिवण्याचे छोटे छोटे कारखाने आहेत. एखाद्या व्यापाऱ्याने हजार पँटची मागणी दिली, तर कारखानदार लगेच हजार पँट शिवायला घेत नाही. तो आधी एकच पँट शिवून घेतो. कारागीर तिला 'सँपल पीस' म्हणतात. आपण तिला नमुना म्हणू. व्यापारी तो नमुना हातात घेतो. खिसे ओढून पाहतो, चेन वर-खाली करतो, शिलाई निरखतो. "खिसा अर्धा इंच खाली घ्या," असे काहीतरी सांगतो. नमुना सुधारला जातो. व्यापाऱ्याने होकार दिला, की मगच कटिंग मास्टर कापडाच्या थरांवर कापण्याचे यंत्र चालवतो.

असे का करतात? कारण उघड आहे. नमुन्याचा खिसा चुकला, तर नुकसान एका पँटचे होते. हजार पँटचे कापड चुकीचे कापले गेले, तर कारखानाच बुडायची वेळ येते. कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही.

आज आपण अशाच एका नमुन्याची माहिती घेणार आहोत. मात्र हा नमुना कापडाचा नाही, तर संकेतस्थळाचा आहे. आणि तो शिवायला कारागीर लागत नाही. संगणक तो आपोआप तयार करतो.

संकेतस्थळ म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक आहे. दहावीचा निकाल तुम्ही त्यावरच पाहता. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली ही कल्पना मांडली. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत पहिले संकेतस्थळ तयार झाले आणि १९९१ साली ते बाहेरच्या जगाला खुले झाले. संकेतस्थळाचे पान आपल्याला अक्षरे, रंग आणि चित्रे यांनी सजलेले दिसते. पण त्याच्या पाठीमागे संगणकाला दिलेल्या लेखी सूचना असतात. कोणते अक्षर केवढे, कोणता रंग कोठे, ओळ डावीकडून सुरू करायची की उजवीकडून, हे सारे त्या सूचनांत लिहिलेले असते. या सूचनांनाच 'कोड' म्हणतात.

आता अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर आठवा. शिलाहार राजांच्या काळातील या मंदिरात एक शिलालेख आहे. त्यावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. जवळजवळ हजार वर्षे झाली, तरी ती अक्षरे जागची हलली नाहीत. दगडावर कोरलेले सहजासहजी बदलता येत नाही, म्हणून कोरणारा दहा वेळा विचार करतो. संकेतस्थळाचे याच्या उलट आहे. त्यावरचा मजकूर एका क्षणात बदलता येतो. हा त्याचा मोठा गुण आहे, आणि त्याचा धोकाही तोच आहे. चुकीचा बदलही एका क्षणात हजारो लोकांपुढे जातो. चूक मागाहून दुरुस्त करता येते हे खरे. पण तोपर्यंत ती ज्यांनी वाचली, त्यांचे काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, अंबरनाथमधील एका उर्दू शाळेचे संकेतस्थळ आहे. त्यावर एक पान मराठीत आणि एक पान उर्दूत आहे. संकेतस्थळाचे काम बदलापूरचा एक तरुण पाहतो. तो मराठी शाळेत शिकलेला आहे. कोड लिहिण्यात तो हुशार आहे, पण त्याला उर्दू वाचता येत नाही. जून महिना आला. मुख्याध्यापकांनी सांगितले, "पावसाळ्यात अडचण आली, तर पालकांनी शाळेला कोठे फोन करावा, ते दोन्ही पानांवर ठळकपणे घाला."

ही सूचना किरकोळ नाही. आपल्या भागात पावसाळा कसा असतो, ते तुम्ही जाणता. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना बोटींनी सुखरूप बाहेर काढावे लागले. अशा दिवशी आपले मूल शाळेत आहे की वाटेत, हे विचारण्यासाठी आई फोन हातात घेते. त्या वेळी पानावरचा क्रमांक बरोबर असलाच पाहिजे.

तरुणाने क्रमांक लिहिला. आधी आपल्या भागाचा संकेतांक ०२५१, मग थोडी मोकळी जागा आणि मग पुढचे आकडे. मराठी पानावर तो अगदी बरोबर दिसला. उर्दू पानावर मात्र गंमत झाली. गंमत कसली, घोटाळाच झाला! उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण उर्दूतही आकडे डावीकडूनच वाचतात. मोकळी जागा सोडून लिहिलेले आकड्यांचे दोन गट उर्दू ओळीत आले, की संगणक ते गट उजवीकडून डावीकडे मांडतो. त्यामुळे ०२५१ हा गट उजव्या टोकाला गेला आणि शेवटचे आकडे सुरुवातीला आले. प्रत्येक आकडा बरोबर होता, तरी क्रमांक चुकला. तो पाहून फोन लावणाऱ्या आईला शाळा कधीच भेटली नसती.

आणखी एक दोष होता. तुम्ही उर्दू नस्तालीक वळणात वाचता. या वळणात शब्दातील अक्षरे उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरत जातात. म्हणून तिच्या दोन ओळींत देवनागरीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. तरुणाने मराठी पानाला शोभेल एवढीच जागा ठेवली. परिणामी एका ओळीचे नुक्ते दुसऱ्या ओळीत घुसले. तुम्ही म्हणाल, "एवढे साधे त्याला दिसले कसे नाही?" पण मुलांनो, ज्याला लिपीच येत नाही, त्याला तिची मोडतोड कशी कळणार? आणि शाळेत उर्दू शिकवणाऱ्या आपांना ती एका नजरेत कळली असती, पण त्यांना कोड वाचता येत नाही. चूक करणारा एकीकडे आणि ती ओळखणारा दुसरीकडे! या दोघांना एका जागी आणण्याचे काम नमुना करतो.

तो कसा, हे पाच शब्दांत सांगता येईल. हे पाचही शब्द मराठीत रोज वापरले जातात आणि ते तुमच्या घरातलेही आहेत. ते शब्द असे : नक्कल, मसुदा, नमुना, दुरुस्ती आणि मंजुरी.

पहिली नक्कल. काम करणारा मूळ कोडला हात लावत नाही. तो त्याची एक वेगळी नक्कल घेतो आणि बदल तिच्यात करतो. यासाठी 'गिट' नावाचे साधन वापरतात. लिनस टॉरवल्ड्स या संगणकतज्ज्ञाने ते २००५ साली तयार केले. कोणी, केव्हा, कोणत्या ओळीत काय बदलले, याची नोंद गिट ठेवते.

दुसरा मसुदा. बदल लिहून झाला, की काम करणारा तो सर्वांपुढे ठेवतो आणि म्हणतो, "हा बदल मूळ कोडमध्ये घ्यावा, अशी माझी विनंती आहे." गिटहब या २००८ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर अशा विनंतीला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. ही विनंती म्हणजे बदलाचा मसुदाच होय. तो अजून पक्का झालेला नाही.

तिसरा नमुना. आपल्या पाठाचा हाच मुख्य भाग आहे. मसुदा पुढे येताच गिटहब दुसऱ्या एका संगणकाला आपोआप निरोप पाठवते. तो संगणक मसुद्यातील कोड आणतो, लागणारे सुटे भाग गोळा करतो आणि त्यांतून पूर्ण संकेतस्थळ नव्याने बांधतो. मग ते एका वेगळ्या, तात्पुरत्या पत्त्यावर ठेवतो आणि तो पत्ता मसुद्याखाली लिहून टाकतो. लहान संकेतस्थळ असेल, तर हे सारे काही मिनिटांत होते. खरे संकेतस्थळ जसेच्या तसे चालू राहते. पालकांना काही कळतही नाही. नेटलिफाय, व्हर्सेल यांसारख्या कंपन्या अशी सोय पुरवतात.

चौथी दुरुस्ती. तो पत्ता तरुणाने आपांना पाठवला. त्यांनी आपल्या मोबाइलवर तो उघडला आणि लगेच म्हटले, "अरे बाळा, क्रमांक उलटा झाला आहे आणि ओळी एकमेकींत अडकल्या आहेत." तरुणाने क्रमांकाभोवती 'हा भाग डावीकडून उजवीकडेच दाखव' अशी सूचना लिहिली आणि ओळींमधील जागा वाढवली. दुरुस्ती पाठवताच नवा नमुना आपोआप तयार झाला. त्याला दुसऱ्यांदा काही सांगावे लागले नाही.

पाचवी मंजुरी. आपांनी पुन्हा पाहिले, मुख्याध्यापकांनी पाहिले आणि होकार दिला. मगच बदल मूळ कोडमध्ये गेला आणि खरे पान बदलले. नमुन्याचे काम संपले. आता तो काढून टाकता येतो.

ही रीत अगदी नवी आहे, असे समजू नका. जुन्या काळी उर्दू पुस्तके कातिब हाताने लिहीत. छापण्यापूर्वी ते लिखाण दुसरा जाणकार तपासून पाही. त्याला मुसह्हिह म्हणत. लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा शहाणपणा जुनाच आहे. संगणकाने त्याला वेग दिला.

तुम्ही विचाराल, "नमुना आपोआपच का तयार व्हावा? माणसाने हाताने केला तर काय बिघडले?" बिघडते ते असे : माणूस थकतो, घाई करतो आणि विसरतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत काय घडले, ते पाहा. नवा कोड आठ संगणकांवर चढवायचा होता. तो हाताने चढवताना एक संगणक राहून गेला. त्या एका संगणकावर जुना कोड जागा झाला आणि भराभर चुकीचे व्यवहार करत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गमावली. नमुना पाहिला असता तर हे टळलेच असते, असे आपण म्हणू शकत नाही. पण तेच तेच काम न चुकता करण्यासाठी यंत्रावर विसंबणे बरे, हा धडा त्यातून नक्की मिळतो.

आपोआप तयार होणाऱ्या नमुन्याचा आणखी एक फायदा आहे. तो नव्या, कोऱ्या जागी बांधला जातो. "माझ्या संगणकावर तर नीट चालते," ही काम करणाऱ्यांची नेहमीची सबब आहे. एखादा सुटा भाग त्याच्या संगणकावर आधीच असतो आणि तो मसुद्यात घालायचा राहून जातो. कोऱ्या जागी बांधताना अशी उणीव ताबडतोब उघडी पडते.

तरीही, मुलांनो, नमुना म्हणजे जादूची कांडी नव्हे. त्याची पथ्ये पाळावी लागतात. नमुन्यात मुलांची खरी नावे, गुण आणि घरचे पत्ते घालू नयेत. तेथे खोटी, बनवलेली माहितीच वापरावी. कारण ज्याच्या हाती नमुन्याचा पत्ता पडेल, तो बहुधा ते पान उघडू शकतो. संकेतस्थळाचे गुप्त संकेतशब्दही अनोळखी माणसाच्या मसुद्याला मिळू देऊ नयेत. शिवाय नमुना सर्व काही दाखवत नाही. निकालाच्या दिवशी लाखो लोक एकदम आले, तर पान टिकेल का, हे एकट्या आपांनी पाहून कळणार नाही. त्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नमुना तयार करणे यंत्राचे काम आहे. तो डोळे उघडे ठेवून पाहणे माणसाचे. न पाहताच "ठीक आहे" म्हटले, तर नमुना असून नसल्यासारखाच.

आपल्या भागाकडे एकदा नजर टाका. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांची येथे छावणी होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांची सिंधी भाषा देवनागरीत लिहितात, तशीच उर्दूसारखी उजवीकडूनही लिहितात. अंबरनाथ आणि बदलापूरच्या बाजारात मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा कितीतरी भाषा कानांवर पडतात. अशा ठिकाणी कोणताही एक माणूस सर्व लिप्या जाणत नाही. म्हणून सर्वांसाठी असलेले पान सर्वांच्या नजरेखालून आधी जायला हवे. ज्याला उर्दू येते, त्याने उर्दू पाहावी. ज्याला सिंधी येते, त्याने सिंधी पाहावी.

उद्या तुमच्यापैकी कोणी कोड लिहील, कोणी जीन्सचा कारखाना चालवील, कोणी शिक्षक होईल. काम कोणतेही असो, ते लोकांपुढे ठेवण्याआधी एकदा जाणत्या माणसाला दाखवा. त्याने चूक काढली, तर रागावू नका. त्याने तुमचा अपमान केलेला नसतो. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या एका आईचा फोन त्याने योग्य जागी पोहोचवलेला असतो.