ट्रक आपला, भाव दुसऱ्याचा

भिवंडी, प्रतिनिधी : मुंबई आणि ठाण्याच्या घराघरांत पोहोचणारे कपडे, फ्रिज, औषधे आणि ऑनलाइन मागवलेल्या वस्तू यांपैकी बराच माल भिवंडीच्या गोदामांतून निघतो. माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे या गावांभोवती पसरलेल्या गोदामांतून देशभर माल नेणाऱ्यांत एक-दोन ट्रकचे अनेक छोटे मालक आहेत. काही जण स्वतःच गाडी चालवतात. गोदामे वाढत असताना त्यांच्या हाती फारसे का उरत नाही, याचे उत्तर भाडे ठरण्याच्या पद्धतीत आहे.

भाडे कोण ठरवते?

मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असल्याने भिवंडीत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि मुंबईतील जकात संपली. राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवण्याचे करविषयक कारण उरले नाही व कंपन्या मोठ्या गोदामांकडे वळल्या. या कंपन्या मोठ्या वाहतूकदारांशी करार करतात. वाहतूकदाराच्या गाड्या अपुऱ्या पडल्या की तो दलालामार्फत बाहेरची गाडी घेतो. वाहतूकदाराचा नफा आणि दलाली वजा जाता उरते ते गाडीमालकाचे.

त्या दिवशी गाड्या जास्त आणि माल कमी असेल, तर भाव आणखी पडतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने तीन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टन केली. तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागल्याने स्पर्धा वाढली.

परतीच्या मालाचे गणित

समजा, एक ट्रक मध्य प्रदेशात ५६० किलोमीटरवर माल घेऊन गेला. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर धावते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे, असे धरल्यास जाताना १२ हजार ६०० रुपयांचे डिझेल लागते. रिकामी गाडी लिटरला सहा किलोमीटर धावली, तरी परतीला ८ हजार ४०० रुपये जातात. टोल, टायर, विमा आणि बँकेचा हप्ता वेगळाच. म्हणूनच परतीचे भाडे मिळेपर्यंत मालक परगावी दोन-तीन दिवस थांबतो, किंवा मिळेल त्या भावात माल उचलतो.

थांबण्याचा खर्च

गोदामाच्या दारात ट्रक तासन् तास उभा राहतो, पण या वेळेचा मोबदला क्वचितच मिळतो. माल चढवण्या-उतरवण्याची हमाली आणि वाराई यांचा भारही अनेकदा गाडीमालकावर पडतो. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही राज्यातील वाहतूकदारांची मागणी यातूनच आली आहे. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो. उरलेली रक्कम सही-शिक्क्याची पोहोच पावती दिल्यानंतर येते. तोपर्यंत पुढच्या फेरीचे डिझेल उधारीवर भरावे लागते.

कायदा आहे, पुरावा हवा

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार 'उद्यम' नोंदणी असलेल्या छोट्या सेवा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज देय होते आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते.

अडचण अशी, की बहुतेक व्यवहार फोनवर ठरतात आणि बिल्टी वाहतूकदाराच्या नावाची असते. त्यातच तक्रार केल्यास पुढचा माल मिळणार नाही, ही भीती असते. तरीही ठरलेल्या भाड्याचा संदेश, गोदामात शिरल्याची नोंद, काट्याची पावती आणि पोहोच पावतीची प्रत जपून ठेवणे मालकाच्या हाती आहे. भाव ठरवण्याची ताकद त्यातून येणार नाही. पण ठरलेला भाव बुडू नये, यासाठी एवढा आधार तरी त्याच्याकडे राहील.